पायथॉनची अंगभूत फंक्शन्स पहिल्यांदा वापरताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान शाखा घेणाऱ्या विद्यार्थ्याला प्रोग्रामिंगच्या पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात. एक म्हणजे पायथॉन ही भाषा आणि दुसरी म्हणजे ती ज्या इंग्रजीत समजावली जाते ती इंग्रजी. मीही याच वाटेने गेलो. फंक्शनांची नावे मी पाढ्यांसारखी पाठ केली होती, परंतु कोणते फंक्शन काय घेते आणि काय परत देते हे मला कितीतरी महिने नीट कळले नव्हते. गेली काही वर्षे गावातील अभ्यासिकेत मी मुलांना पायथॉन शिकवतो आणि त्यांच्याही अडचणी बहुतेक त्याच ठिकाणी येतात. त्या ठिकाणांवर थांबत थांबत पुढे जाता यावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

अंगभूत फंक्शन म्हणजे पायथॉन सुरू करताच, बाहेरून काहीही न आणता, वापरता येणारे तयार फंक्शन. अशी सुमारे ७० फंक्शन्स आहेत. पहिल्या महिन्यात त्यांतील १२ ते १५ पुरतात आणि या लेखात तेवढीच घेतली आहेत.

सुरुवातीला काय लागेल

- पायथॉन ३ बसवलेला संगणक. पायथॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरून ते विनामूल्य उतरवता येते. विंडोजवर बसवताना पहिल्याच पडद्यावर खाली 'पाथ'संबंधीची एक चौकट असते, तिच्यावर खूण करायला विसरू नका. संगणक नसेल तर अँड्रॉइड मोबाइलवर पायड्रॉइड ३ हे ॲप चालते.
- आयडल हा लेखन-खिडकीचा प्रोग्राम. विंडोजवर तो पायथॉनसोबतच येतो. जांबोटी किंवा कणकुंबीच्या बाजूला नेटवर्क मिळत नसले तरी काळजी नको, कारण एकदा पायथॉन बसवल्यावर या लेखातील सर्व काही इंटरनेटशिवाय चालते.
- मराठी कळफलक, युनिकोडमधला. जुन्या छापखान्यांच्या फॉन्टमध्ये टंकलेली मराठी येथे उपयोगाची नाही.
- एक वही आणि पेन. वही कशासाठी, हे पाचव्या पायरीत कळेल.

अभ्यासिकेत मी कोड तोंडी सांगतो आणि मुले टंकतात, त्यामुळे या लेखातही कोडच्या ओळी देवनागरीतच लिहिल्या आहेत. टंकताना फंक्शनांची नावे इंग्रजी लहान अक्षरांत लिहावीत: प्रिंट म्हणजे पी-आर-आय-एन-टी, लेन म्हणजे एल-ई-एन, सम म्हणजे एस-यू-एम, मॅक्स म्हणजे एम-ए-एक्स, मिन म्हणजे एम-आय-एन, इंट म्हणजे आय-एन-टी, फ्लोट म्हणजे एफ-एल-ओ-ए-टी, झिप म्हणजे झेड-आय-पी. राउंड, सॉर्टेड, इनपुट, टाइप, हेल्प आणि ओपन यांचे स्पेलिंग शाळेतल्या इंग्रजीप्रमाणेच आहे. कोडमध्ये थेट लिहिलेले आकडेही इंग्रजी अंकांत टंकावेत. अवतरणचिन्हांतील मजकूर मात्र मराठीत चालतो आणि आपण ठेवलेली नावेही मराठीत चालतात. त्याविषयी तिसऱ्या पायरीत सविस्तर लिहिले आहे.

१. कंसांकडे लक्ष द्या

फंक्शनचे नाव लिहिणे वेगळे आणि ते चालवणे वेगळे. नुसते 'लेन' असे लिहून एंटर दाबले तर हे एक अंगभूत फंक्शन आहे एवढीच माहिती पडद्यावर येते. नावापुढे कंस उघडून त्यात काहीतरी दिले आणि कंस बंद केला की ते चालते:

लेन("निपाणी")

कंसात जे देतो त्याला आर्ग्युमेंट म्हणतात. गिरणीत डबा दिला की दळण होते, नुसते गिरणीचे नाव घेतल्याने होत नाही, असे मी मुलांना सांगतो आणि ते त्यांच्या लक्षात राहते.

प्रत्येक फंक्शन कंसात एकाच प्रकारची वस्तू स्वीकारत नाही. मॅक्स(४, ५) असे लिहिले तर ५ मिळतात, परंतु सम(४, ५) असे लिहिले तर एरर येते, कारण सम या फंक्शनला सुट्या संख्या नको असतात, त्याला त्यांची एकत्र यादी हवी असते. म्हणून चौकोनी कंसासह सम([४, ५]) असे लिहावे लागते. नवशिक्यांच्या पहिल्या दहा एररपैकी एक हमखास ही असते.

२. 'दाखवणे' आणि 'देणे' यांतला फरक ओळखा

या पायरीवर घाई करू नका. माझा सर्वांत जास्त वेळ येथेच गेला आणि तो गेला याचे कारण म्हणजे 'रिटर्न' आणि 'प्रिंट' या दोन शब्दांचा अर्थ मी एकच धरून चाललो होतो.

घरी रोज सकाळी संकलन केंद्रावर दूध घातले जाते असे समजू. आठवड्याचे लिटर एका यादीत लिहू:

दूध = [४.५, ५, ४, ५.५, ५, ४.५, ५]

आता आयडलच्या शेलमध्ये, म्हणजे तीन बाणांसारख्या खुणा दिसतात त्या खिडकीत, सम(दूध) असे लिहून एंटर दाबले की खाली ३३.५ दिसते. हीच ओळ नव्या फाइलमध्ये लिहून ती फाइल चालवली तर पडद्यावर काहीही दिसत नाही. एररही येत नाही. मुले अशा वेळी पायथॉन बिघडले असे समजून ते पुन्हा बसवायला घेतात.

प्रत्यक्षात दोन्ही वेळा समने आपले काम केलेले असते. बेरीज करून ती त्याने परत दिलेली असते. शेल ही गप्पा मारण्याची जागा आहे, त्यामुळे मिळालेले उत्तर ती आपणहून दाखवते. फाइल चालते तेव्हा उत्तर कोणी धरून ठेवले नाही आणि दाखवायलाही सांगितले नाही, तर ते तेथेच विरून जाते. म्हणून फाइलमध्ये असे लिहावे:

एकूण = सम(दूध)
प्रिंट(एकूण)

पहिल्या ओळीत समने दिलेले उत्तर 'एकूण' या नावात ठेवले, दुसऱ्या ओळीत ते दाखवले. आता उलट चूक पाहू. लिटरला ३४.५ रुपये दर धरून एखादा विद्यार्थी असे लिहितो:

बिल = प्रिंट(एकूण * ३४.५)

पडद्यावर ११५५.७५ असे बरोबर उत्तर येते, त्यामुळे तो निर्धास्त होतो. पुढच्या ओळीत तो बिल + ५० करतो आणि तेथे एरर येते. कारण प्रिंटचे काम फक्त दाखवण्याचे आहे आणि परत देताना ते 'नन' नावाची वस्तू देते, जिचा अर्थ 'काहीही नाही' असा आहे. 'बिल' या नावात पैसे गेलेच नाहीत, 'काहीही नाही' तेवढे गेले. एररच्या शेवटच्या ओळीत 'ननटाइप' असा शब्द दिसला की जे फंक्शन काही देत नाही त्याच्याकडून आपण कोठेतरी उत्तर घेऊ पाहत आहोत, असे समजून वरच्या ओळी तपासा.

यादीच्या पुढे टिंब देऊन वापरायचे 'सॉर्ट' आणि अंगभूत 'सॉर्टेड' यांच्यातही हाच फरक आहे. सॉर्टेड(दूध) मूळ यादीला हात न लावता क्रमाने लावलेली नवी यादी देते. दूध.सॉर्ट() मूळ यादीच बदलते आणि परत 'नन' देते. त्यामुळे 'दूध = दूध.सॉर्ट()' असे लिहिणाऱ्याच्या हातची आठवड्याची सगळी नोंद एका ओळीत जाते. सुरुवातीचे काही महिने फक्त सॉर्टेडच वापरावे असे माझे स्पष्ट मत आहे.

३. स्वतःची नावे मराठीत ठेवा

वर 'दूध', 'एकूण', 'बिल' ही नावे मी मुद्दाम मराठीत ठेवली आहेत. पायथॉन ३ ही आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली, तेव्हापासून आपण ठेवायची नावे इंग्रजीखेरीज इतर लिपींतही लिहिता येतात. देवनागरीही चालते आणि कन्नडही चालते.

याचा नवशिक्याला होणारा फायदा मोठा आहे. बेरजेसाठी फंक्शन सम, आणि त्या बेरजेला नाव काय द्यावे, तर तेही सम, असे जवळपास प्रत्येक जण एकदा तरी करतो:

सम = सम(दूध)

ही ओळ बिनतक्रार चालते. परंतु त्या क्षणापासून सम हे नाव ३३.५ या संख्येचे झाले. पुढे दुसऱ्या आठवड्याची बेरीज करायला गेल्यावर 'फ्लोट ही वस्तू चालवता येत नाही' अशा अर्थाची एरर येते आणि कालपर्यंत चालणारे सम आज का रुसले हे कळत नाही. मॅक्स, मिन आणि लिस्ट या नावांच्या बाबतीतही हेच घडते. यातून सुटण्यासाठी शेल बंद करून पुन्हा उघडा, किंवा 'डेल सम' अशी ओळ द्या. डी-ई-एल टंकले की आपण ठेवलेले नाव पुसले जाते आणि मूळ फंक्शन पुन्हा हाती लागते.

आपली नावे मराठीत असली की ही चूक होऊच शकत नाही. शिवाय कोडवर नजर टाकताच पायथॉनचे काय आणि आपले काय हे वेगळे दिसते: रोमन लिपीतले ते पायथॉनचे, देवनागरीतले ते आपले. इंग्रजी नावेच वापरायची असतील तर आयडलमधील रंगांकडे लक्ष ठेवा. आयडल अंगभूत फंक्शनांची नावे जांभळ्या रंगात दाखवते, म्हणून बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे लिहिलेले तुमचे नाव जांभळे झाले तर ते लगेच बदला.

मराठी नावे ठेवताना तीन गोष्टी सांभाळा. नावात मोकळी जागा चालत नाही, तेथे खालची रेघ द्यावी, जसे 'सकाळचे_दूध'. नावाची सुरुवात अंकाने करता येत नाही. तिसरी गोष्ट फक्त मराठी लिहिणाऱ्यांनाच भेटते. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र किंवा 'ॲप' यातील पहिले अक्षर काही कळफलक एक अदृश्य जोडचिन्ह वापरून तयार करतात. ते चिन्ह डोळ्यांना दिसत नाही, परंतु पायथॉनला दिसते आणि नावात ते आले की पायथॉन ती ओळ नाकारते. अशा अक्षरांचे शब्द नावांसाठी टाळलेलेच बरे.

पुढे कंपनीत किंवा इतरांसोबत काम करताना इंग्रजी नावेच ठेवावी लागतील, कारण तेथे तुमचा कोड मराठी न वाचणारेही वाचतात. तोपर्यंत कोणत्या वस्तूचे नाव कोणी ठेवले याविषयीचा गोंधळ संपलेला असतो.

४. हेल्पची पहिली ओळ वाचायला शिका

हेल्प(राउंड) असे शेलमध्ये लिहून पाहा. कंसात फक्त नाव द्यायचे आहे, त्या नावापुढे पुन्हा कंस लावायचे नाहीत. उत्तरात इंग्रजीच्या काही ओळी येतील. 'हेल्प ऑन'ने सुरू होणारा मथळा सोडून द्या. बाकी सगळ्या ओळी समजल्या नाहीत तरी त्या मथळ्याखालची पहिली ओळ समजून घ्या, कारण निम्मी माहिती तिच्यातच असते.

राउंडच्या पहिल्या ओळीत कंसात दोन नावे दिसतात. पहिले नुसते असते, म्हणजे ते द्यावेच लागते. दुसऱ्यापुढे बरोबरचे चिन्ह आणि 'नन' असते, म्हणजे ते दिले नाही तरी चालते आणि न दिल्यास पायथॉन तेथे 'नन' धरते. सॉर्टेडची ओळ पाहिली तर तिच्यात एक तिरपी रेघ आणि एक तारा दिसतो. तिरप्या रेघेच्या आधीची आर्ग्युमेंट नाव न घालता नुसती द्यायची असतात, ताऱ्याच्या नंतरची नाव घालूनच द्यावी लागतात. म्हणून मोठ्याकडून छोट्याकडे यादी हवी असेल तर असे लिहावे लागते:

सॉर्टेड(दूध, रिव्हर्स=ट्रू)

यातील 'रिव्हर्स' हे नाव गाळून नुसते ट्रू लिहिले तर एरर येते. ट्रू या शब्दाचे पहिले अक्षर मोठे असते, हेही ध्यानात ठेवा.

५. उत्तर आधी वहीत काढा

नवे फंक्शन ज्या यादीचे उत्तर तोंडी किंवा वहीत काढता येते त्या यादीवर आधी चालवावे. वरची दुधाची यादी त्यासाठी पुरेशी आहे. वहीत बेरीज ३३.५, दिवस ७, सर्वांत जास्त ५.५ आणि सर्वांत कमी ४ असे लिहून ठेवा. मग सम(दूध), लेन(दूध), मॅक्स(दूध) आणि मिन(दूध) चालवून एकेक ताडून पाहा. सरासरीसाठी अंगभूत फंक्शन नाही, ती अशी काढतात:

सरासरी = सम(दूध) / लेन(दूध)
प्रिंट(राउंड(सरासरी, २))

उत्तर ४.७९ येते. येथे राउंडने दिलेले उत्तर थेट प्रिंटला दिले आहे. एकात एक बसवलेली फंक्शन्स वाचताना आतल्या कंसापासून सुरुवात करून बाहेर यावे.

यादी रिकामी असेल तर लेन आणि सम दोन्ही शून्य देतात, परंतु मॅक्स आणि मिन एरर देतात. शून्याने भागल्यामुळे सरासरीची ओळही अडते.

६. आकडा आणि आकड्याचा मजकूर वेगळे ठेवा

या चुकीत एररचा संदेश येत नाही, म्हणून ती सर्वांत घातक आहे.

इनपुट हे फंक्शन वापरणाऱ्याकडून उत्तर मागून घेते आणि ते नेहमी मजकूर म्हणून देते, वापरणाऱ्याने ५ लिहिले तरीही. दोन इनपुट घेऊन त्यांची बेरीज केली तर ५ आणि ५ मिळून १० होण्याऐवजी "५५" होते, कारण मजकुरांची बेरीज म्हणजे ते एकापुढे एक जोडणे. हे चटकन लक्षात येते. पुढचे येत नाही.

अभ्यासिकेतील दहावीच्या मुलांच्या सराव परीक्षेची गुणवत्ता यादी एका वर्षी मी पायथॉनने केली. आमच्याकडे दहावीला प्रथम भाषेचा पेपर १२५ गुणांचा आणि इतर विषयांचे १०० गुणांचे, त्यामुळे मराठीत शंभराहून अधिक गुण मिळवणारी मुले बरीच असतात. गुण मी फाइलमधून वाचले होते, म्हणजे ते मजकूर होते:

गुण = ["९८", "११२", "१०४", "८७"]

मॅक्स(गुण) याने "९८" हे उत्तर दिले आणि सॉर्टेडने १०४, ११२, ८७, ९८ असा क्रम लावला. मजकुराची तुलना शब्दकोशासारखी पहिल्या अक्षरापासून होते. ९ हे अक्षर १ च्या पुढचे, म्हणून ९८ मोठे ठरले. एरर आली नाही, यादी फळ्यावर लागली आणि ११२ गुण मिळवलेली मुलगी ८७ वाल्याच्याही खाली गेली. तिने स्वतः येऊन विचारले तेव्हा चूक कळली. ती यादी मी त्याच संध्याकाळी काढून सर्वांसमोर दुरुस्त केली, परंतु दिवसभर तिला काय वाटले असेल हे आजही माझ्या मनातून गेलेले नाही. चार नावांवर आधी वहीत ताडून पाहिले असते तर ही चूक फळ्यापर्यंत पोहोचलीच नसती.

उपाय सोपा आहे. पूर्णांक हवा असेल तर इंट, दशांश हवा असेल तर फ्लोट, हे बदल मजकूर हातात येताच करावेत:

लिटर = फ्लोट(इनपुट("आजचे लिटर: "))

शंका आली की टाइप(लिटर) चालवून पाहावे. 'एस-टी-आर' असे दिसले तर तो मजकूर आहे. यादी मजकुराचीच ठेवायची असेल तर तुलना कशाच्या आधारे करायची हे सांगता येते:

सॉर्टेड(गुण, की=इंट)

येथे 'की' म्हणजे के-ई-वाय. इंटच्या पुढे कंस नाहीत, कारण आपण ते चालवत नाही, सॉर्टेडच्या हाती देतो आणि प्रत्येक गुणावर ते चालवण्याचे काम सॉर्टेड करते.

आपल्या भागासाठी उपयोगाची गोष्ट अशी की इंट आणि फ्लोट यांना देवनागरी अंक कळतात आणि कन्नड अंकही कळतात. इंट("११२") हे देवनागरीत लिहिले तरी एकशे बाराच मिळतात. एकाच वहीत कोणी मराठी अंक लिहिले, कोणी कन्नड, कोणी इंग्रजी, तरी इंटमधून गेल्यावर ते सर्व सारखे होतात. मजकूर म्हणून तुलना केल्यास मात्र कोणताही देवनागरी अंक कोणत्याही इंग्रजी अंकापेक्षा मोठा ठरतो. "१२ लिटर" असा शब्दासह मजकूर किंवा "१,१५५" असा स्वल्पविराम असलेला मजकूर इंट स्वीकारत नाही. इंट("३४.५") हेही चालत नाही, तेथे फ्लोट वापरावे.

संख्येची जागा मजकुराने घेतल्याची अडचण सोडवण्यासाठी 'इव्हॅल' नावाचे फंक्शन वापरण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. इव्हॅल समोरच्याने टंकलेले काहीही कोड म्हणून चालवते.

७. पैशांच्या हिशेबात राउंड जपून वापरा

राउंड(२.५) याचे उत्तर ३ येईल असे शाळेत शिकलेला प्रत्येक जण सांगेल. पायथॉन ३ मध्ये ते २ येते. राउंड(३.५) मात्र ४ येते. बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम (दोनाने भाग जाणाऱ्या) संख्येकडे न्यायची असा येथील नियम आहे, जेणेकरून पुष्कळ संख्यांची बेरीज एकाच बाजूला झुकत जाऊ नये. पायथॉन २ मध्ये नियम वेगळा होता आणि तेथे राउंड(२.५) चे उत्तर तीनच येत असे. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० पासून बंद झाला आहे, परंतु त्याची जुनी पुस्तके अजून हाती येतात. पुस्तकातील प्रिंटपुढे कंस नसतील तर ते पुस्तक जुने आहे असे समजावे.

दुधाचे बिल १२१२.५० रुपये झाले आणि ते राउंडने पूर्ण रुपयांत आणले तर १२१२ मिळतात, तर घरातले १२१३ ची अपेक्षा करतात. पन्नास पैसे वर न्यायचे असतील तर, रक्कम शून्याहून मोठी असल्यास, इंट(रक्कम + ०.५) असे लिहावे. इंट अपूर्णांक नुसता कापून टाकते, त्यामुळे इंट(४.९) हे ४ देते. या कापण्याचाच येथे उपयोग होतो.

दशांश संख्या पायथॉन आत द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवते आणि ०.१ ही साधी संख्याही त्या पद्धतीत अचूक बसत नाही. म्हणून ०.१ + ०.२ चे उत्तर ०.३ च्या पुढे बरीच शून्ये आणि शेवटी ४ असे दिसते. दहा वेळा ०.१ असलेल्या यादीवर सम चालवले तर जुन्या आवृत्तीत ०.९९९... असे उत्तर येते आणि ३.१२ पासून पुढे १.० येते, कारण त्या आवृत्तीत समची बेरजेची पद्धत सुधारली आहे. दोन मित्रांच्या संगणकांवर वेगळी उत्तरे आली तर आधी आवृत्ती पाहा. पैशांचा हिशेब पैशांतच, म्हणजे ३४.५० रुपयांऐवजी ३४५० असा पूर्णांकात ठेवला, तर या भानगडी बऱ्याच कमी होतात.

८. मराठी शब्दांवर लेन आणि सॉर्टेड

लेन("बेळगाव") चालवून पाहा. आपण बे, ळ, गा, व अशी चार अक्षरे मोजतो. पायथॉन ६ सांगते. युनिकोडमध्ये मात्रा आणि काना ही स्वतंत्र चिन्हे आहेत, म्हणून ब, मात्रा, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हे होतात. 'येळ्ळूर' या नावात मधला हलन्तही मोजला जातो आणि उत्तर ७ येते. त्यामुळे मराठी नाव किती अक्षरांचे हे लेनवरून ठरवू नये. चिन्हे किती एवढेच त्यावरून कळते.

सॉर्टेड मराठी नावे लावते तेव्हा युनिकोडमधील क्रमांक पाहते. काळे, कासार, कावळे ही आडनावे दिली तर काळे, कावळे, कासार असा क्रम मिळतो, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर लगेच येतो. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर असल्याने कावळे, कासार, काळे असा क्रम हवा. 'क्षीरसागर' हे नावही क च्या नावांमध्ये जाऊन बसते. वर्गाच्या हजेरीपटासाठी क्रम लावत असाल तर छापण्यापूर्वी ळ आणि क्ष असलेली नावे स्वतः डोळ्यांखालून घाला.

९. झिप आणि ओपन

नावांची एक यादी आणि गुणांची एक यादी जोडीने वाचायची असेल तर झिप(नावे, गुण) वापरतात. नावे चार आणि गुण तीनच असतील तर झिप चौथे नाव मुकाट्याने सोडून देते. पायथॉन ३.१० किंवा त्यापुढील आवृत्ती असेल तर असे लिहा, म्हणजे संख्या जुळत नसल्यास एरर येईल:

झिप(नावे, गुण, स्ट्रिक्ट=ट्रू)

फाइल उघडण्यासाठी ओपन हे फंक्शन आहे. फाइलमध्ये मराठी किंवा कन्नड मजकूर असेल तर विंडोजवर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, सांगितल्याशिवाय ती उघडू नका, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे येतात:

ओपन("गुण.टीएक्सटी", एन्कोडिंग="यूटीएफ-८")

फाइलच्या नावातील टिंबानंतरची अक्षरे आणि 'यूटीएफ-८' हे सर्व इंग्रजीत टंकायचे आहे. फाइल लिहिताना आणि वाचताना दोन्ही वेळा हेच एन्कोडिंग द्यावे. अशा रीतीने वाचलेली प्रत्येक ओळ मजकूर असते, तेव्हा गुणांची बेरीज किंवा तुलना करण्यापूर्वी त्यांना इंटमधून न्यायला विसरू नका.